पहिला आवाज

शुक्रवारी जत्रेत मला ‘गावाची लेक’ म्हणून सन्मानचिन्ह मिळालं. निवेदक उत्साहानं सांगत होता, “यांच्या थोरल्या बहिणीला शहराची भीती वाटायची, म्हणून अंपारोबाई एकट्याच ग्वादालाहाराला गेल्या आणि रांचेरा गाण्याच्या राणी झाल्या!” ही थाप त्यानं माझ्याच मुलाखतीतून उचलली होती. समोर आपल्या बकऱ्याच्या रश्श्याच्या टपरीशी तेन्चा, माझी ती थोरली बहीण, उभी होती. हातातली पळी बगलेत धरून तिनं टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही जोडीनं गायचो. पहिला, चढा आवाज तिचा; खालून साथ देणारा दुसरा माझा. एकतीस वर्षांपूर्वी रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं दोघींना आवाज ऐकवायला बोलावलं. मी तिला सांगितलं, बोलावणं रद्द झालं. कापड आणायच्या निमित्तानं बस धरली, तिकडे सांगितलं, बहिणीला ताप आहे, आणि तिच्या जागी पहिला आवाज मीच गायले. आजवर त्याच्यावरच जगलेय.

तीन गाणी कशीबशी उरकून, भरजरी घागरा सावरत मी टपरीवर गेले.

“या, बाईसाहेब! वरच्या सुराला घसरलात की आज. टकीला का म्हातारपण?”

“तेन्चा, ते बोलावणं रद्द झालं नव्हतं. मी खोटं बोलले तुझ्याशी.”

ती कांदा चिरत होती. चिरतच राहिली.

“माहितेय. तो माणूस दुसऱ्याच दिवशी घरी आला होता. म्हणाला, ताप उतरला असेल तर चल.”

“मग?”

“मग काय! म्हटलं, नाही उतरला. त्याला दोघींतली एकच घ्यायची होती गं. मी गेले असते तर तुला घरी धाडलं असतं त्यानं.”

मला रडू आवरेना. “मग मला बोलली का नाहीस?”

“वाटलं, उद्या तू आपणहून सांगशील. रोज वाट बघायचे.”

“इतकी वर्षं?”

“छे! पहिली दहा-बारा. मग गिऱ्हाईक वाढलं.”

तिनं वाडगा माझ्यापुढं सरकवला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा ती रांगेतल्या पुढच्या माणसाला विचारत होती, “कांदा घालू?”