काळ्या दोऱ्याची बाटली

अनुपमाचा बुडबुडा फुटला आन् अख्खी लॅब टाळ्या वाजवायली, तेव्हा ईश्वरी पार मागं उभी राहून काचेची झाकणं पुसायलती. पुसून झालेलीच झाकणं. परत परत.

"ईश्वरीताई, भोक पडंल झाकणाला," तात्यारावमामा हळूच म्हणले. मामा म्हणजे लॅबचे शिपाई, बत्तीस वर्षांची नोकरी, त्यांच्या नजरेतून काय सुटत न्हाई.

"मामा, तुमी टाळ्या वाजवा ना."

"वाजवल्या की. आता तुमचं काय जळायलंय त्याचा वास घ्यायलोय."

आता बुडबुडा फुटला त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काय हाय, असं तुमाला वाटंल. पण ऐका तर. आपल्याला काय दिसतं? बुडबुडा हाय, आन् मग बुडबुडा न्हाई. बस्स. पण अनुपमाकडं जो कॅमेरा होता ना, तो एका सेकंदात दहा हजार फोटो काढायचा! मग पडद्यावर सावकाश दिसायचं, बुडबुड्याला एका जागी भोक पडलं, भोक वाढत चाललं, त्याची कड गुंडाळत चालली, आन् त्या कडेवरून थेंब उडायले, फोडणीतली मोहरी उडावी तसे. आन् त्या थेंबांत जंतू. दवाखान्यात बेसिनच्या जाळीखाली घाण पाणी साचलेलं असतं, वरून नळ सोडला की त्यात बुडबुडे येतात, फुटतात, आन् जंतू हवेत. कुणी खोकलं न्हाई, शिंकलं न्हाई, तरी ऑपरेशन झालेल्या माणसाची जखम चिघळते. हे नेमकं कसं होतं ते शोधायचं, परभणीच्या त्या कॉलेजात काशीनाथ सरांचं काम हेच.

आन् ते काम दोन वर्षं करायलं कोण होतं? ईश्वरी. बोरीची. एका दवाखान्यातल्या चाळीस बेसिनांच्या मोऱ्यांत कापसाची काडी घालून नमुने काढले ते तिनं. नर्सबाया तिला लांबून बघितलं की म्हणायच्या, "आली गं मोरीवाली." ते जंतू वाढवायचे, मोजायचे, वहीत लिहायचे. दिवाळीला सगळे घरी, ही इथं, कारण जंतूंना सुट्टी नसते.

अनुपमा आली चार म्हैन्यांपूर्वी. सेलूची, गुरुपादअप्पांचं कापडाचं दुकान हाय ना, त्यांची पोरगी. फिजिक्सवाली. आली ती पुण्याहून उसना आणलेला कॅमेरा घेऊनच आली, आन् चार म्हैन्यांत तिचा बुडबुडा सरांच्या व्हॉट्सॲप स्टेटसला! ईश्वरीची जंतू वाढवायची प्लेट गेली का कधी स्टेटसला? ईश्वरीनं प्लेट उघडली की सर नाकाला रुमाल लावायचे.

बरं, अनुपमा वाईट असती तरी एक सोय होती. ती वाईटबी न्हवती. डब्यातली शेंगाचटणी आधी ईश्वरीपुढं सरकवायची. त्यानं तर अजून आग व्हायची.

आन् आता बंगळुरूहून प्रमोदिनी मॅडम येणार होत्या. लय मोठ्या लॅबच्या. इथलं काम बघणार, आन् एकीला सहा म्हैने तिकडं नेणार. एकीला. दोघींना न्हाई. सर म्हणले, "अनुपमा, तू मॅडमना बुडबुडा दाखव. ईश्वरी, तू तिला बाटल्या तयार करून दे."

बाटल्या तयार करून दे! दोन वर्षांची मोरीवाली, आता बाटल्या भरणारी.

तर त्या बाटल्यांचं सांगतो. स्पिरिटच्या हातानं मार्करचं नाव पुसून जातं, म्हणून ईश्वरीनं एक पद्धत पाडलेली. बाटलीच्या गळ्याला दोरा. पोळ्याच्या बाजारात बैलाच्या गोंड्यांचे रंगीत दोरे मिळतात ना, तेच आणलेले. हिरवा दोरा म्हणजे जंतू सोडलेलं आजचं ताजं पाणी, कामाचं. काळा दोरा म्हणजे शिळं, मामांनी मोठ्या कुकरात शिजवून जंतू मारायचे आन् फेकायचं. ह्या बाटल्यांतले जंतू तसे निरुपद्रवी, खास लॅबसाठीचे, आन् बुडबुडे फोडायचे तेबी बंद काचपेटीत. म्हणजे कुणाच्या जिवाला धोका न्हवता. तेवढं इमान ईश्वरीनं राखलं. बाकीचं न्हाई राखलं.

कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. पाच दिवसांचं शिळं पाणी बुळबुळीत होतं. त्यातला बुडबुडा लवकर फुटत न्हाई, बसून राहतो. आन् अनुपमाचा कॅमेरा बटन दाबल्यापासून फक्त दोन सेकंद टिपतो, मग मिनिटभर गप्प. अनुपमाला सवय झालेली, तिचा बुडबुडा चारच्या मोजणीला फुटायचा, ती तीनला बटन दाबायची. एक, दोन, तीन, टक.

मॅडम यायच्या दिवशी सकाळी ईश्वरीनं काळ्या दोऱ्याची बाटली घेतली, दोरा सोडला, आन् हिरवा बांधला.

मॅडम खुर्चीत बसल्या. सर घाम पुसायले. अनुपमानं पेटीत पाणी सोडलं, नळीतून बुडबुडा वर आला, टपोरा. एक, दोन, तीन, टक.

पडद्यावर दोन सेकंदांचा बुडबुडा. नुसता बसलेला. ढिम्म.

"हे काय?" सर म्हणले.

"फुटला न्हाई, सर."

"फुटला न्हाई म्हणजे?"

आन् इकडं ईश्वरीच्या पोटात काय गारवा पडला म्हणून सांगू! घ्या. ठेवा आता स्टेटसला. मॅडमनी घड्याळ बघितलं तर तिला वाटलं, तो काटा आपणच पुढं ढकलला.

पण एक गोष्ट ती विसरलेली. अनुपमाच्या घरी सगळे लिंगधारी. ती रोज सकाळी अंघोळ झाली की डाव्या तळहातावर इष्टलिंग धरून बसायची, नजर त्याच्यावर, पापणी हलायची न्हाई. हॉस्टेलवर ईश्वरी तिला चिडवायचीबी, "अन्ये, डोळे कोरडे पडतील." तर अनुपमानं काय केलं? कॅमेऱ्याचं मिनिट सरल्यावर दुसरा बुडबुडा सोडला, बटनावर बोट ठेवलं, आन् तसंच बसली. मोजणी सोडून दिली. नुसतं बघायली. दहा सेकंद. वीस. सर खाकरले. तीस. बुडबुड्यावर रंग फिरायले, खाली घसरायले, माथा पांढुरका पडला...

टक.

आन् पडद्यावर जे आलं ना! आठ-दहा टपोरे थेंब उडायचे तिथं शेकडो उडाले. बारीक. नुसतं धुकं! आन् खाली पडायलाच तयार न्हाईत, हवेतच तरंगायलेत.

प्रमोदिनी मॅडम खुर्चीतून उठल्या. "पुन्हा करा," म्हणल्या. पुन्हा केलं. पुन्हा धुकं. "अनुपमा, हे माझ्या लॅबमध्येसुद्धा असं कधी दिसलेलं नाही. येत्या शुक्रवारपर्यंत मला हे आणखी दहा वेळा करून दाखव. झालं, तर तू बंगळुरूला येतेस. नाही झालं, तर पेटीत काहीतरी घाण होती असं समजू."

ईश्वरीनं झाकणं उचलली आन् बाहेर जाऊन नळाखाली धरली. आपणच आपल्या हातानं सवतीला साडी नेसवावी, तसं झालेलं.

दुसऱ्या दिवशी अनुपमानं खऱ्या हिरव्या दोऱ्याची बाटली घेतली. बुडबुडा चारला फुटला, आठ-दहा थेंब. परत केलं. तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पेटी धुतली, नळी बदलली, कॅमेरा खोलला. तेच. चौथ्या दिवशी सर म्हणले, "नशिबानं एकदा दिसतं, अनुपमा." आन् ईश्वरीला परत गारवा. आता तर काय करायचीबी गरज न्हवती. नुसतं गप्प बसायचं. शुक्रवार आपोआप येणार होता, अनुपमा पडणार होती, आन् जागा एकीलाच होती.

बुधवारी दुपारी अनुपमा तिच्या टेबलापाशी आली. डोळे लाल.

"ईशे, माझं काय चुकायलंय गं? पाणी तुझ्याइतकं कुणाला कळत न्हाई. तू सांग."

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ईश्वरीला विचारलं होतं. आन् विचारलं ते कुणी!

"मला काय म्हाईत," ईश्वरी म्हणली.

"मग मी मॅडमना कळवून टाकते. घाणच होती म्हणून." तिनं फोन पुढं धरला. मेल लिहून तयार. "एकदा वाचून दे. इंग्रजी बरोबर हाय का बघ."

ईश्वरी वाचायली. 'ते निरीक्षण चुकीचं होतं, कृपया सोडून द्यावं.' आन् वाचता वाचता तिच्या डोक्यात खटकन बसलं. दवाखान्यातला तो कोपऱ्यातला वॉर्ड! तिच्या वहीत लिहिलेलं होतं, तिथल्या बेसिनांत जंतू बाकीच्यांइतकेच, पण जखमा चिघळायच्या तिप्पट. का, ते दोन वर्षं कळलं न्हवतं. तिथल्या मोऱ्या कधी साफच होत न्हवत्या! शिळं पाणी. बुळबुळीत. बुडबुडे टिकणार, पातळ होणार, आन् फुटले की धुकं. जंतू तेवढेच, पण खाटेपर्यंत पोचणारे. तिच्या दोन वर्षांचं उत्तर त्या पडद्यावर होतं, आन् अनुपमा ते सोडून द्या म्हणून पाठवायलती.

मनात लगेच दुसरं आलं बरं का. आपणच मॅडमना सांगावं की! 'पाणी शिळं असंल असं मला वाटतं.' आपलाच शोध. कुणाला काय कळणार?

अनुपमाचं बोट 'पाठवा'वर गेलं.

"नको पाठवू."

"का?"

"तुझं काय चुकलं न्हाई. त्या दिवशीची बाटली शिळी होती. दोरा मी बदलला."

"चुकून?"

हौ म्हणलं असतं तर मिटलं असतं.

"न्हाई. मुद्दाम. तू मॅडमपुढं तोंडावर पडावीस म्हणून."

अनुपमा बघतच राहिली. तशीच, पापणी न हलवता. ईश्वरीला वाटलं, ही काहीतरी फोडंल आता.

"एक कानफटात द्यावी वाटायलीय तुला."

"दे."

"हातात ग्लोव्हज हायेत, घाणेरडे." मग ग्लोव्हज काढता काढता म्हणली, "किती दिवसांची होती?"

"पाच."

"मग शुक्रवारपर्यंत कशी होणार? दोनच दिवस हायेत."

तेच तर! शिळं पाणी ताबडतोब कुठून आणणार, काळ्या दोऱ्याच्या सगळ्या बाटल्या मामांनी शिजवून टाकलेल्या. मुदत वाढवून मागायची तर कारण सांगावं लागणार. अनुपमानं फोन पुढं धरला, मॅडमचा नंबर लावून.

ईश्वरीनं सगळं सांगितलं. दोऱ्यासकट.

"जागा तुला मिळणार नाही, हे समजतंय ना?" मॅडम म्हणल्या.

"हौ मॅडम."

"आणि काशीनाथ सरांना तू स्वतः सांगायचं. आज." मग म्हणल्या, "पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत देते. तो कोपऱ्यातला वॉर्ड म्हणालीस, त्याची वही मला पाठव."

सरांनी काय झापलं ते सांगत बसत न्हाई. म्हैनाभर तिला चावी दिली न्हाई लॅबची, मामा येऊन उघडायचे तेव्हा आत जायची. पण बाटल्या तिनंच वाढवल्या. एक दिवसाची, दोन, तीन, चार, पाच. रोज झाकण काढून बघायची, बुळबुळीत व्हायलंय का. आन् सहाव्या दिवशी दहाच्या दहा वेळा धुकं. टाळ्या अनुपमालाच पडल्या.

अनुपमा बंगळुरूला निघाली त्याच्या आदल्या दिवशी वही घेऊन ईश्वरीकडं आली.

"तिथं मला शिळं पाणी करावं लागंल. मी तीनदा केलं, तुझ्यासारखं जमलं न्हाई. सांग."

"माफ केलंस का मला?"

"न्हाई. सांग."

ईश्वरीनं सांगितलं. पाणी किती कोमट, बाटली किती भरायची, झाकण किती सैल. एक गोष्ट तिनं सरांनाबी कधी सांगितली न्हवती, की तिसऱ्या दिवशी बाटली हलवायची न्हाई, जागासुद्धा बदलायची न्हाई, मग बुळबुळ दुप्पट धरते. तीबी सांगितली. सांगताना दात काढून द्यावेत तसं झालं.

"थांब, तिसऱ्या दिवसाचं परत सांग," अनुपमा म्हणली, पेन चालवत.

ईश्वरीनं परत सांगितलं. आन् अनुपमानं 'परत सांग' म्हणलं की ईश्वरीला लय बरं वाटायलतं, आन् बरं वाटायलंय ह्याचाबी तिला राग यायलता.