चार बोटांची फट

मी दाराची साखळी बोलतेय. बोलतेय म्हणजे दार उघडलं असं समजू नका. आधी तोंड दाखवा, आणि मागे कोण लपलंय तेही सांगा.

जन्म माझा कारखान्यातला. खोक्यावर छापलं होतं 'अस्सल पितळ', पण आतून मी लोखंड, वरून नुसता मुलामा. जन्मापासूनच फसवाफसवी, त्यामुळे दुसऱ्याची लबाडी मला पटकन कळते. वाचता मात्र येत नाही. खोक्यावरचंसुद्धा दुकानदारानं मोठ्यानं वाचलं म्हणून कळलं.

चौथ्या मजल्यावरच्या या खोलीत येऊन मला बरीच वर्षं झाली. आधीच्या भाडेकरूला मी फार छळलं. त्याला घाई असली की मुद्दाम अडकून बसायचे. तो शिव्या घालायचा, मला गुदगुल्या व्हायच्या.

मग तो गेला आणि हे तिघं आले. म्हातारी, तिचा मुलगा नि सून. मुलगा लाँड्रीत इस्त्री करतो. आपला देश सोडून जीव मुठीत धरून पळालेली माणसं. तिकडे थोरल्या मुलाला चौघं जण कागद दाखवून घरातून घेऊन गेले. तो परत आलाच नाही. मग ते धाकट्याला शोधायला लागले. इथे धाकट्यानं आसरा मागितला, सरकारनं नाही म्हटलं, आणि त्याला परत धाडायची तारीखसुद्धा काढली.

आल्या दिवशी म्हातारीनं मला तेल घातलं नि तीनदा हिसडून बघितलं. बाई माझ्याच जातीची! पोस्टमनला विचारायची, "काल किती वाजता आला होतास?" तो चुकला की पत्र बाहेरच.

त्या नकाराविरुद्ध अपील करणाऱ्या वकीलबाईंनी बजावलं होतं, "कोर्टाकडे स्थगिती मागितलीय. मिळाली तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत याला कुणी हलवू शकत नाही. तोवर न्यायाधीशाची सही आणि कोर्टाचा शिक्का बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही."

ज्या दिवशी त्याला न्यायला येणार होते, त्या सकाळी दार वाजलं. म्हातारीनं मला लावूनच ठेवलं नि चार बोटांएवढी फट केली.

"कोण?"

"वकीलबाईंचा कारकून. स्थगिती मिळाली, आजी! उघडा."

"वकीलबाईंचा चष्मा कुठल्या रंगाचा?"

"आं? काळा... नाही, थांबा हं."

"रंग?"

"आजी, चार जिने चढून आलोय. मला माझ्या बायकोचा चष्मा आठवत नाही!"

मलाही तो पटेना. बूट फार चकचकीत. गेल्या आठवड्यात गॅसची नळी तपासायला आलेल्याचेही असेच होते, नि तो निघाला माणसं हाकलायच्या खात्यातला. शेवटी कारकुनानं कागद फटीतून सरकवला. मी हळूच त्याच्या बोटाला चिमटा काढला. सवय हो, दुसरं काय.

"अधिकारी आले की हा दाखवा," तो बोट चोखत म्हणाला. "त्यांच्या ऑफिसात अजून पोचला नसेल." आणि गेला.

सही होती. निळा गोल शिक्का होता. मुलगा हात पुढे करतोय तोवर म्हातारीनं अंगठा जिभेला लावला आणि शिक्क्यावर घासला. थोरल्याला नेताना दाखवलेल्या कागदावरचा शिक्का छापील होता, हे तिला मागाहून कळलं होतं. त्या दिवशी आपण घासून बघितलं नाही, ही बोच काही जात नव्हती.

शाई पसरली. "खरा आहे रे, खरा!" म्हातारी रडायला लागली.

मुलगा कागदाकडे बघतच राहिला. "आई... अगं, पुसलास की."

तासाभरात दोघं अधिकारी आले. एक जाडा, एक बारका. सुनेनं कागद फटीत धरला, पण हातचा सोडला नाही.

"शिक्का कुठाय?" बारका म्हणाला. "हा तर डाग आहे."

म्हातारीनं निळा अंगठा फटीतून बाहेर काढला. "अर्धा इकडे आलाय."

"कोर्टाचा शिक्का अंगठ्यावर घेऊन फिरता होय, आजी?" जाड्याला हसू आलं.

बारक्याला नाही आलं. आयुष्यभर मी लोकांकडे जसं बघत आले, तसाच तो त्या कागदाकडे बघत होता. मला ते मुळीच आवडलं नाही.

"कापायचं हत्यार गाडीत आहे," तो म्हणाला. "साखळीचं काय, दोन मिनिटांचं काम."

मी ताठ झाले. पण खरं सांगू? हत्यारसुद्धा नको. खांद्याचा एक धक्का बसला की माझे स्क्रू लाकडासकट बाहेर. आत मुलगा स्वतःचे बूट हातात धरून उभा होता. घालावेत की नाही, तेच त्याला कळत नव्हतं.

"कागदावर कोर्टाचा नंबर आहे," सून म्हणाली. तिनं कागदावरच्या नंबरावर बोट ठेवलं. "आधी फोन करा. मग काय कापायचं ते कापा."

जाड्यानं फोन लावला. खटल्याचा नंबर तीनदा सांगितला. बराच वेळ नुसतं हं हं केलं. मग फोन खिशात टाकला. "स्थगिती आहे. चल."

"पुन्हा येऊ," बारका म्हणाला.

"या की," म्हातारी म्हणाली. "येताना न्यायाधीशालाच घेऊन या."

त्याला आता तीन महिने झाले. आज अपिलाचा निकाल. तिघंही सकाळीच कोर्टात गेलीत. वकीलबाई म्हणाल्या, विरोधात गेला तर त्याला तिथूनच नेतील, घरी येऊ देणार नाहीत.

मला आतूनच लावता येतं. घरात कुणी नसलं की मी नुसती लोंबते. हसा, हसा. एवढी टेचात बोलणारी मी, आज वाऱ्यानंसुद्धा हलतेय.

सकाळी तीन माणसं जिना उतरली. म्हातारी एक पाय ओढत, सून भराभर, मुलगा सगळ्यात मागे. आता खालचं मोठं दार वाजलंय. कुणीतरी वर येतंय. पाय ओढल्याचा आवाज ओळखीचा आहे, सुनेची भराभर पावलंही आहेत.

तुम्ही जिन्यात उभे असाल तर कोण, कुठले, आज काही विचारत नाही. फक्त जरा गप्प राहा. मला मोजू द्या.