तंबाखू घेतल्यावर

मी थापाड्या, हे कॅनडातल्या आमच्या क्री आदिवासींच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एका माशाने माझी होडी ओढत शेजारच्या प्रांतात नेली आणि मला परत यायला बस धरावी लागली, ही हकीकत मी चाळीस वर्षं सांगतोय. कुणी पुरावा मागितला नाही.

पुरावा मागितला तो हॉलिकबाईंनी. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका त्या. आमची पोरं घरातून उचलून ज्यांत कोंडली, त्या निवासी शाळांच्या आठवणीसाठी सगळे नारिंगी शर्ट घालतात, त्या दिवशीच्या तक्त्यासाठी माझ्या नातीने, डेनिकाने, लिहिलं : 'माझ्या आजोबांची बहीण फिलोमेन. आठव्या वर्षी सरकारने शाळेत नेली. परत आली नाही.' बाईंनी कागद काढून तिच्या हातात परत दिला. म्हणाल्या, "नोंद कुठाय? त्यापेक्षा गरुडाचं पीस रंगव."

नोंदी लपवल्या कुणी, आणि मागायच्या कुणाकडे!

वर मलाच फोन. "आजोबा, दहा मिनिटं बोला. शेवट जरा गोड करा."

गेलो. दारातच बाईंनी लाल फडक्यात बांधलेली तंबाखू दोन्ही हातांनी पुढे केली. कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं असणार. शेजारी फोटोवाला.

"काय मागताय, बाई?"

"निवासी शाळेबद्दल सांगा ना."

"सगळं?"

"हो हो, सगळं!" त्या कॅमेऱ्याकडे बघून हसल्या.

मी तंबाखू घेतली. आमच्यात ती घेतली की शब्द दिला. मागितलेलं अर्धवट ठेवता येत नाही. हे पुस्तिकेच्या पुढच्या पानावर असावं.

वर्गापुढे मी सांगितलं. मी सहा वर्षांचा. आल्या आल्या दोघांचे केस कापले. मुलं-मुली वेगळी ठेवत; कुंपणापलीकडून फिलोमेन मला आमच्या भाषेत हाक मारायची, म्हणून तिला जेवण बंद. मग खोकला. मग आजाऱ्यांची वरची खोली. एका सकाळी कळलं, तिच्या खाटेवर नवी चादर आणि दुसरीच मुलगी.

घंटा झाली. बाई टाळ्या वाजवत उठल्या. "छान! आभार माना आजोबांचे."

"बसा," मी म्हणालो. "तंबाखू तुम्ही दिलीत. अजून अर्धंच झालंय."

"अहो, लहान आहेत मुलं! घाबरतील."

"आणि आम्ही कोण होतो? म्हातारे?"

एकही पोर उठलं नाही. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग ती आहे कुठे?"

जन्मभर थापा मारल्या, पण तेव्हा एकही सुचली नाही. "माहीत नाही, बाळा. आईला पत्रसुद्धा आलं नाही."

डेनिका उठली, दप्तरातून तो कागद काढला आणि तक्त्यावरच्या पिसांच्या मधोमध टोचला. बाईंचा हात पुढे आला. सगळा वर्ग त्या हाताकडे बघत राहिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "तात्पुरता राहू दे."

"तात्पुरता म्हणजे कधीपर्यंत?" डेनिकाने विचारलं.

मी खुर्ची ओढली, तक्त्याखाली ठेवली आणि उरलेलं अर्धं सांगायला बसलो.