त्याच्या सवडीने

"किती दिले तुला एबोनं?" अराबामावशीने पत्र माझ्या टाइपरायटरवर आपटले. एबो म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ.

मंगळवार होता. मंगळवारी आमच्या आपाम गावात समुद्राला विश्रांती. होड्या वाळूवर, आणि मासळी धुरावणाऱ्या बायका माझ्या बाकासमोर, इंग्रजी पत्रांसाठी. मावशीला अक्षर येत नाही. म्हणून माझ्याकडून नेलेले पत्र ती तिघांकडून वेगवेगळे वाचून घेते. तिघांचे जुळले तरच अंगठा.

"पोस्टातला म्हणाला, नर्स म्हणाली, मास्तरही तेच म्हणाला. 'आपल्या सवडीनं पैसे द्यावेत.' पैसे माझे न् सवड त्याची?"

"मावशी, येणं मागायची इंग्रजीतली रीतच आहे ती. मिशनच्या शाळेत शिकवलंय आम्हाला. बरोबर आहे."

"असेल बाई बरोबर. पण कुणाच्या बाजूनं?"

मी एकवीस वर्षे हेच वाक्य टाइप करत आले होते. किती जणी लोकांच्या सवडीची वाट पाहत बसल्या असतील, देव जाणे.

आठ दिवसांवर हंगाम आला होता. त्याआधी होडीच्या इंधनाचे पैसे भरले नाहीत, तर मासळी दुसरीच्या दारात आणि मावशीच्या भट्ट्या थंड. एबो तेमाच्या बंदरात नोकरीला. मावशीने उसने दिलेले पैसे तीन वर्षे त्याच्याकडे.

मी नवा कागद चढवला. 'येत्या सोमवारी, दुपारी बाराच्या आत, सगळे.' सवड काढून टाकली.

"साडेपाच झाले, आता पुन्हा तिघांकडे जायला वेळ नाही," मावशी म्हणाली. "तेमाची शेवटची गाडी साडेसहाला." तिने टोपलीतून पानात गुंडाळलेला केंके, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, काढला, वर तळलेला मासा. "घे, खा."

"माझा उपास आहे मावशी. सहापर्यंत."

तिचे डोळे बारीक झाले. "एका पानातलं खाऊन खोटं बोललं तर जीभ झडते. ठाऊक आहे ना? म्हणून उपास होय!"

"दर मंगळवारी असतो."

"असू दे. बसते मी."

ती खरेच बसली, माझ्यावरची नजर न हलवता. सहाला चर्चची घंटा झाली. मी डोळे मिटून प्रार्थना केली, केंकेचा तुकडा मोडला; दुसरा तिने. घास गळ्याखाली उतरेपर्यंत ती माझ्या गळ्याकडे पाहत होती.

"आता वाच."

मी वाचले.

"यानंतर तो माझ्या मयतालासुद्धा यायचा नाही," ती हळूच म्हणाली, आणि अंगठा दाबून उठवला.

उरलेला अर्धा केंके तिने पुन्हा त्याच पानात बांधला. गाडीशी जाऊन पत्र ड्रायव्हरला दिले, वर ते पान ठेवले.

"आधी हे दे त्याला," ती म्हणाली. "खातो का, तेवढं बघून ये."