कोपरा कापलेल्या पासपोर्टाचा सूड

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. मुदत संपली म्हणून माझा कोपरा कापला, पण माझा राग कोणाला कापता आला नाही.

मी पुण्यातल्या घरी आलो तेव्हा मुक्ताच्या आईने मला देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं. मुक्ता मला घेऊन जर्मनीत शिकायला आली. बँकेत, विद्यापीठात ती मलाच पुढे करी आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटे. मग कोलोनमध्ये खोली शोधताना एका घरमालकाने इंटरनेटवरून माझी प्रत मागितली. तिने माझं पान जसंच्या तसं पाठवलं. नंबर, जन्मतारीख, सही, सगळं त्यात होतं. खोली मिळाली नाही आणि मालकही गायब झाला. मुक्ता ते विसरली. मी मात्र दात-ओठ खात खणात पडून राहिलो.

परवा गौरांग नावाच्या विद्यार्थ्याचा तिला फोन आला. मराठी मंडळातून त्याने तिचा नंबर मिळवला होता.

"मुक्ताताई, तुमची खोली मी घेतोय. डिपॉझिट भरण्याआधी म्हटलं, बोलून घ्यावं. पासपोर्टवर मराठी नाव बघितलं आणि निर्धास्त झालो."

"माझी खोली? अरे, मीच भाड्याने राहते."

गायब झालेला तो चोर घरमालक माझी प्रत दाखवून मुक्ताच्या नावाने पोरांना लुबाडत होता. उद्या पोलीस आले असते ते तिच्याच दारात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मुक्ताने तक्रार केली. पोलिसांच्या सांगण्यावरून गौरांगने चोराला कळवलं, "डिपॉझिट रोख देतो." रोख म्हटल्यावर त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. मालकीणबाईंचा माणूस म्हणून तो स्टेशनजवळच्या कॅफेत आला.

गौरांगने मोबाइलवर माझी प्रत दाखवली. "मालकीणबाई याच ना?"

"या, गेनाऊ," तो जर्मनमध्ये म्हणाला. हो, अगदी बरोबर.

शेजारच्या टेबलावरून मुक्ता उठली. तिने मला त्याच्यासमोर उघडून ठेवलं.

"गेनाऊ. मीच ती. आता तुझा पासपोर्ट दाखव."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. साध्या वेशातल्या पोलिसांनी त्याचा दंड धरून नाव विचारलं. दुसऱ्यांच्या नावांवर जगलेल्या त्या माणसाची स्वतःचं नाव सांगताना त-त-प-प झाली. मला दया आली नाही. फार बरं वाटलं.

मित्रांनो, आमची प्रत कोणी मागितली तर आधी विचारा, कशाला हवी? द्यावीच लागली तर नको ते नंबर झाका आणि पानावर आडवं लिहा, कोणासाठी, कशासाठी. मुक्ता आता तसंच करते. पण माझ्या उघड्या प्रती अजून कोणाकोणाकडे असतील, कोण जाणे. त्या बाळगणाऱ्या प्रत्येकाला मला एकदा असंच समोरासमोर भेटायचं आहे.