बॅगेत न मावलेली पेटी

थोरल्याला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. मुली झाल्या म्हणून घरात आनंद झाला, आणि दोन झाल्या म्हणून घरात जागा उरली नाही. आतल्या खोलीत दोन पाळणे लागले आणि तिथली ड्रायव्हरची खाट बाहेर पॅसेजमध्ये आली. ड्रायव्हर म्हणजे थोरल्याचा बाप. एकतीस वर्षं त्याने ट्रक चालवला होता. मग डाव्या डोळ्याची नजर गेली, डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि त्याचा परवाना संपला. बायको त्याच्या आदल्या साली गेली होती. तेव्हापासून तीन महिने थोरल्याकडे आणि तीन महिने धाकट्या लेकीकडे, अशी त्याची पाळी ठरली होती.

पाळीबद्दल त्याची तक्रार नव्हती. उलट त्याने स्वतःच एक नियम घातला होता. एक रेक्झिनची बॅग, तिच्यात मावेल तेवढाच आपला संसार. ट्रकवर हीच बॅग सीटमागे असायची. चेन दोनदा बदललेली, बंद बायकोने जाड दोऱ्याने शिवलेला. दोन जोड कपडे, दाढीचं सामान, गोळ्या, चष्मा, एक चादर. चेन लागली की तो निघायला मोकळा. कोणाच्या कपाटात एक कप्पा मागायला नको की कोणी कपाळाला आठी घालायला नको.

पण बॅग आवरली तरी पाय आवरत नव्हते. एकतीस वर्षं पायाखाली रस्ता पळाला होता आणि आता पायाखाली फरशी होती. ती जागची हलत नव्हती म्हणून ड्रायव्हरच हलायचा. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. खुर्चीवर बसला तर उजवा पाय फरशी दाबत राही. पॅसेज अकरा पावलांचा होता आणि सातव्या पावलाला एक फरशी वाजायची. ती वाजली की एक मुलगी जागी व्हायची, आणि एक उठली की दुसरी तिच्या साथीला.

"आबा, जरा बूड टेका ना एका जागी," सून म्हणायची. ती वाईट नव्हती, झोपेला महाग झाली होती.

"टेकलंय की."

"टेकून दोन मिनिटं झाली नाहीत."

"सिग्नलला तरी याहून जास्त कोण थांबतं?"

सून हसायची, पण दमून.

धाकटी कॉम्प्युटर दुरुस्त करायची. खाली दुकान, वर एक खोली, मधे अरुंद लोखंडी जिना. एकटीच राहायची. तिच्याकडे पाळी असताना एका गिऱ्हाइकाचं मशीन ती तपासायला लावून बसली होती आणि पडद्यावर ट्रक चालवायचा खेळ सुरू होता. ड्रायव्हर मागून डोकावला.

"हा वळण चुकीचं घेतोय. मागचं चाक दगडावर जाणार."

"मग तुम्ही घ्या," धाकटी म्हणाली आणि उठली.

तो बसला. चाळीस मिनिटं बसला. डावा डोळा बंद असला तरी पडद्याला एक डोळा पुरत होता, आणि इथे कोणी परवाना विचारत नव्हतं. धाकटीने दोन मशीनं उघडली, एक बंद केलं, एका गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि मग तिच्या लक्षात आलं की बापाचा उजवा पाय शांत आहे. त्या दिवसापासून तिने सुटे भाग बाजूला काढायला सुरुवात केली. तळहाताएवढा मदरबोर्ड मिळाला. एका गिऱ्हाइकाने बदलून टाकलेलं, अजून दमदार असलेलं ग्राफिक्स कार्ड मिळालं. चित्रं पळवायचं सगळं काम ते कार्ड करतं. पातळ पडदा मिळाला, टेबलाला आवळायचं स्टिअरिंग मिळालं. राहिलं कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसतं ती पेटी.

आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

"बॅगेत मावली पाहिजे," ड्रायव्हर म्हणाला.

"आबा, खेळ खेळायचं मशीन आहे. आत गरम होतं. त्याला जरा ऐसपैस लागतं."

"मलाही लागतं. मिळतं का? पडदा कपड्यांमधे चपटा बसेल, स्टिअरिंग चादरीत गुंडाळीन. पण पेटी बॅगेबाहेर राहिली की ती एकाच घरी पडून राहणार. तीन महिने चालवायची आणि तीन महिने तिच्या नावाने फरशी झिजवायची. त्यापेक्षा नकोच."

बाप चुकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघं बाजारात गेली. धाकटीच्या पिशवीत कार्ड होतं आणि ड्रायव्हरच्या हातात ती रेक्झिनची बॅग, रिकामी. मापाची टेप होती तरी त्याचा टेपवर विश्वास नव्हता. माल गाडीत बसतो का हे गाडीत घालूनच कळतं, हे त्याचं एकतीस वर्षांचं शास्त्र.

दुकानदाराने बॅगेकडे पाहिलं. "आजोबा, कॅबिनेट घ्यायला आलात की बॅग विकायला?"

"पोरीला स्थळ बघायला आलोय. ही पोरगी," बॅग काउंटरवर ठेवत तो म्हणाला. "दाखवा तुमची मुलं."

दुकानदार हसला आणि त्याने पहिली पेटी काढली. बुटाच्या खोक्यापेक्षा जरा मोठी, काळी, नीटस. बॅगेत गेली, चेन लागली. ड्रायव्हरचा चेहरा उजळला. पण धाकटीने कार्ड आत धरून पाहिलं तर ते बोटभर बाहेर राहत होतं.

"दाबून बसव."

"आबा, हे काय अंथरूण आहे, पाय पोटाशी घेऊन झोपायला?"

"एका बोटासाठी?"

"एक बोट काय आणि एक हात काय. नाही बसत म्हणजे नाही बसत."

दुसऱ्या पेटीला एका बाजूला काच होती. आत दिवे लागले की सगळं दिसतं, असं दुकानदार कौतुकाने सांगू लागला. ड्रायव्हरने काचेवर नख वाजवलं. "हिला बसमधे मांडीवर घेऊन बसायचं आणि प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घ्यायचं. माल कसा आहे हे लोकांना दाखवायचं असतं का कधी? माल पोचवायचा असतो."

तिसरी पेटी साधी होती. करडा पत्रा, पुढे-मागे जाळी आणि वरती पकडायला दणकट मूठ. कार्ड आत सरळ गेलं. मदरबोर्डला जागा, वीज वाटणाऱ्या डब्याला जागा, पुढे एक पंखा, मागे एक पंखा. धाकटीने ती हातात घेतली ती खाली ठेवेना. "आबा, हीच."

ड्रायव्हरने पेटी बॅगेत घातली. चेन अर्ध्यावर आली आणि थांबली. त्याने पेटी आडवी केली, उभी केली, तिरकी केली. चार बोटांची फट राहतच होती. कपाळाला घाम आला. शिवलेल्या बंदाचा दोरा तटकन वाजला, तसे त्याचे हात थांबले.

"राहू दे," तो म्हणाला. "चल घरी."

"आबा, मूठ आहे तिला."

"मूठ आहे म्हणून काय झालं? बॅगेबाहेरची वस्तू ती."

"असू दे की बाहेरची! आईच्या मागे तुम्ही एक वस्तू घेतली नाहीत स्वतःसाठी. कोणाला अडचण होऊ नये म्हणून इतकं आवळून घेतलंत की..." तिने वाक्य सोडून दिलं आणि कार्ड पिशवीत भरू लागली.

दुकानदाराने पेटीत कुठलासा जड जुना डबा ठेवला. "भरल्यावर एवढं वजन होईल. उचलून तर बघा."

ड्रायव्हरने मूठ धरली. उजव्या हाताने. उचलली, दुकानाबाहेर पडला आणि चालू लागला. गल्लीच्या टोकाला पोचला, वळला, दिसेनासा झाला.

"अहो ताई," दुकानदार काउंटरवर हात टेकून उभा राहिला, "आजोबा पळाले की काय?"

"येतील. वळायला जागा लागते त्यांना."

तो आला तेव्हा दमलेला होता, पण पेटी त्याने खाली ठेवली नव्हती. "डाव्या खांद्यावर कपडे," तो म्हणाला, "उजव्या हातात गाडी. जमेल."

पाळीप्रमाणे पेटी थोरल्याकडे गेली. खाटेच्या पायथ्याशी एक छोटं टेबल आलं, त्यावर पेटी आणि पडदा. थोरल्याने प्रदक्षिणा घालून सगळं पाहिलं. "या वयात खेळणं," तो म्हणाला. पण मग स्वतःच अर्धा तास चालवत बसला आणि ट्रक खड्ड्यात घातला. सातवी फरशी वाजेनाशी झाली. मुली सलग झोपू लागल्या, सून झोपू लागली. ड्रायव्हर दुपारचा डोंगर चढायचा, संध्याकाळी बंदरावर माल उतरवायचा.

पण हात स्वस्थ बसतील तर तो ड्रायव्हर कसला. अडीच महिने झाले आणि एका सकाळी त्याने पेटीच्या मागे तळवा धरला. मागचा पंखा गरम हवा बाहेर फेकत होता. पुढे धरला, तर तिथला हवा आत ओढत होता. उभ्या आयुष्यात त्याने एकही गाडी अशी पाहिली नव्हती. ट्रकचा पंखा वारा आत घेतो आणि इंजिनावर सोडतो. आणि इथे एक पंखा घेतोय, दुसरा टाकतोय! पोरगी घाईत उलटा लावून बसली, असं त्याच्या मनाने घेतलं. तिला कशाला बोलायचं? त्याने स्क्रू ड्रायव्हर आणला, चार स्क्रू काढले, मागचा पंखा फिरवला आणि पुन्हा आवळला. आता दोन्ही पंखे इंजिनाकडे वारा घालू लागले. स्वतःवर खूश होऊन तो डोंगर चढायला लागला.

अर्ध्या चढावर पडदा काळा झाला.

पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. त्याने रुमालाने वारा घातला, दार उघडं ठेवलं, तास-तास वाट पाहिली. मशीन दहा मिनिटं चालायचं आणि बसकण मारायचं. तिसऱ्या दिवशी त्याने नाद सोडला. धाकटीला फोन करावा तर पंख्याचं सांगावं लागणार. आपण हात लावून पोरीची सगळी मेहनत जाळली, हे त्याच्या ओठावर येईना.

पाय पुन्हा सुरू झाले. अकरा पावलं तिकडे, अकरा पावलं इकडे. सातवी फरशी वाजली. एक मुलगी उठली, मग दुसरी.

आतून सुनेचा आवाज आला, हळू, थोरल्याशी बोलताना. "बंद पडलं वाटतं त्यांचं. पुन्हा तेच सुरू झालं बघ."

"परत देऊन टाकू म्हणतो ती पेटी. टेबलाने वाट पण अडते."

ड्रायव्हर सातव्या फरशीवर एक पाय ठेवून उभा राहिला. पाय उचलला तर वाजेल, म्हणून बराच वेळ तसाच. मग त्याने पाय उचलला, वायरी काढल्या, पडदा आणि स्टिअरिंग बॅगेत भरलं आणि मूठ धरली.

"आबा, कुठे?" सून बाहेर आली.

"गाडी गॅरेजला नेतो."

"अहो, पण तुमची पाळी अजून आठ दिवसांनी..."

"पाळी माझी आहे. गाडीची नाही."

बसमधे त्याने पेटी मांडीवर घेतली. पत्रा गार पडला होता. शेजारच्या बाईने विचारलं, "काय आहे हो यात?" तो म्हणाला, "ट्रक." बाई पलीकडे सरकून बसली.

धाकटीने दुकानात बाप पाहिला आणि हातातलं काम ठेवलं. त्याने पेटी टेबलावर ठेवली आणि आरोपीसारखा उभा राहिला. "मी पंखा फिरवला," तो एका दमात म्हणाला. "मागचा. उलटा होता म्हणून. जळलं का सगळं?"

तिने पाठचा पत्रा उघडला, पाहिलं आणि हसू आवरण्यासाठी ओठ चावले. पण हसू आवरलं नाही.

"अहो आबा! दोघंही आत ओढताहेत. गरम झालेली हवा जाणार कुठून?"

"गाडीत आतच ओढतो."

"गाडीचं खालून मोकळं असतं. इंजिनाखाली काय असतं?"

"रस्ता," ड्रायव्हर म्हणाला.

"इथे रस्ता नाही. इथे पत्रा आहे. आत घेतलेलं बाहेर टाकायला कोणीतरी लागतं."

तिने पंखा फिरवला, वर खडूने बाहेरच्या दिशेला एक बाण काढला आणि मशीन लावलं. काहीही जळलं नव्हतं. असं मशीन फार तापलं की स्वतःच बंद पडतं, मरायच्या आधी थांबतं, हे तिने त्याला दोनदा समजावलं. त्याने दोनदा मान हलवली.

"तिकडे वाट अडते त्या टेबलाने," थोड्या वेळाने तो म्हणाला. तिच्याकडे न बघता. "आणि मी चाललो की पोरी उठतात. थोरला काही वाईट बोलला नाही. पण परत देऊ म्हणाला."

धाकटीने शटरकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. जिन्याखाली रिकामी खोकी रचलेली होती. ती उठली आणि एकेक खोकं बाहेर काढू लागली.

"काय करतेस?"

"जागा. दुकानातलं एक टेबल इथे कायमचं राहील. तिकडे टेबल नको, दादाला सांगते भिंतीला फळी मारायला, एवढीशी पेटी राहते तिच्यावर. आणि तिकडे पाय वळवळले की फोन करायचा आणि यायचं. पाळी असो नसो."

"नियम मोडतो मग."

"बॅगेची चेन लागली नाही तेव्हाच मोडला तो."

ड्रायव्हर जिन्याखाली वाकून बसला. डोकं लागत होतं, म्हणून स्टूल पुढे ओढलं. डोंगर अर्ध्यावरच राहिला होता. त्याने गिअर टाकला. चढ संपला, उतार लागला, आणि मागच्या जाळीतून गरम वारा त्याच्या गुडघ्यांवर येत राहिला.

थोरल्याने फळी मारली. जरा तिरकी मारली, पण मारली. त्यानंतर पेटी दोन्ही घरांमधे कितीदा गेली-आली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कधी तीन महिन्यांनी, कधी तीन दिवसांनी. मूठ एकदा निघाली, ती धाकटीने बदलली. बंद पुन्हा उसवला, तो सुनेने शिवला. खडूचा बाण पुसट झाला की ड्रायव्हर स्वतःच गिरवायचा.

जुळ्या मुली शाळेत जाऊ लागल्या त्या वर्षी, शाळेच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, ड्रायव्हर थोरल्याच्या घरी पॅसेजमधल्या खाटेवर वारला.