कोपऱ्यातली खोली

बायको गेल्यावर शिंपीकाका पहिल्यांदाच एकटे फिरायला निघणार होते. लेक मोबाइलवर हॉटेलांचे फोटो दाखवत होती.

"बाबा, काय झकास खोली आहे! करू बुक?"

"फोटोत रस्त्याचा गोंगाट ऐकू येतो का?"

बायको आधी हॉटेलात फोन करायची आणि तिथल्या माणसाला फोन खिडकीबाहेर धरायला लावायची. काका तेव्हा लाजेने चूर व्हायचे. आज त्यांनीच घसा खाकरून मॅनेजरला तसं सांगितलं.

मॅनेजर खो खो हसला. "मागे एका काकूंनीही हेच करायला लावलं होतं. नवरा घोरतो म्हणून कोपऱ्यातली खोली ठरवली, पण ते दोघं आलेच नाहीत."

काकांनी डोळे पुसले. हसू मात्र आवरेना.

"तीच द्या," ते म्हणाले. "घोरणारा येतोय."